धानोऱ्याची धृती

धानोऱ्यात कुणी चपला हातात घेऊन पळताना दिसलं, की ओट्यावरची माणसं विचारतात, "काय भाऊ, बेबीबाईनं बलावं का?" बेबीबाईने बोलावलं की चपला पायात घालायलाही वेळ मिळत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

बेबीबाई जन्मालाच घाईत आली, असं तिची आई सांगायची. सुईण वाटेत होती आणि ही बाहेर. पुढे लग्नातही तेच. मंगलाष्टकं लांबली, भटजींचा गळा तापला होता, त्यांनी आणखी एक कडवं उचललं. बेबीबाईला वाटलं, झालं. तिने अंतरपाटावरून हार फेकला. तो नवऱ्याच्या गळ्यात पडायचा, तो भटजींच्या कानाला अडकला. भटजी कानाला हार लटकलेला ठेवून उरलेलं कडवं म्हणत राहिले आणि मांडव पोट धरून हसत राहिला.

एसटीचं तर विचारूच नका. एकदा नंदुरबारच्या स्टँडवर धानोऱ्याची गाडी लागायला उशीर झाला. शेजारची गाडी घरघरत होती, कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. बेबीबाईला उभी गाडी बघवत नाही. ती चढली. गाडी निघाली धडगावची. घाट सुरू झाला, तेव्हा बाईच्या ध्यानात आलं की धानोऱ्याला जाताना डोंगर लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती परत आली. कुणी हसायला तोंड उघडायच्या आत म्हणाली, "पन गाडी येळवर निंघनी व्हती!"

अशा बाईला देवाने नवरा दिला सुपडूआप्पा. आप्पा शेतीत मन लावून काम करणारे, स्वभावाने सोन्यासारखे, पण बोलण्याची रीत अशी की वाक्य सुरू करायचं, मध्ये थांबायचं, जरा लांब बघायचं आणि मग उरलेलं वाक्य सोडायचं. एवढा वेळ बेबीबाईकडे कुठला? आप्पा "आज वावरमा..." म्हणाले की ही म्हणायची, "पानी देवानं शे, माहीत शे माले, जा." आप्पांना सांगायचं असायचं की आज वावरात साप निघाला. पण पाणी द्यायचं असायचंच, म्हणून ते जायचे. वाक्याचं पहिलं टोक आप्पांचं आणि दुसरं बेबीबाईचं, असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं चालला. मुलगा भाग्येश सुरतेला नोकरीला लागला, सून रुपा घरात आली, तरी त्या रीतीत काही फरक पडला नाही.

आणखी एक गोष्ट गावाला माहीत होती. बेबीबाई आणि तिची शेजारीण रंजनाबाई एकमेकींशी बोलत नसत. भाग्येश कडेवर होता तेव्हाची गोष्ट. सगळे सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते. बेबीबाईने गोडीशेवेची भरलेली पिशवी जमिनीवर ठेवली, पोराला पाणी पाजायला वळली, परत बघते तर पिशवी नाही. शेजारी उभी कोण? रंजनाबाई, आणि तिचं तोंड हलत होतं. बेबीबाईने पुढचा काही विचार न करता यात्रेत, माणसांच्या आणि घोड्यांच्या गर्दीत, तिला गोडीशेव-चोर ठरवलं. रंजनाबाई पान खात होती. पण ते ऐकायला थांबतो कोण?

तेव्हापासून दोघींचा व्यवहार जनावरांमार्फत. बेबीबाई आपल्या म्हशीला मोठ्याने सांगायची, "म्हैस वं, काही लोकेसनं सांडपानी आपला दारमा येस." पलीकडून रंजनाबाई सावकाश कोंबडीला सांगायची, "कोंबडी, त्यास्ले सांग, नाली सरकारनी शे." कोंबडीला काय कळायचं ते कळो, गावाची करमणूक व्हायची.

एवढं सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात नवनीत गावात परत आला.

नवनीत म्हणजे बेबीबाईच्या चुलत दिराचा मुलगा. चित्रकलेचं शिकायला पुण्याला गेला, तिथेच बरीच वर्षं शिकवत राहिला, आणि आता केस पिकायला लागल्यावर गावातल्या मळ्यात राहून चित्रं काढतो म्हणाला. गावाला चित्रकार म्हणजे दुकानाच्या पाट्या रंगवणारा माहीत. पहिल्याच आठवड्यात त्याला तीन ट्रॅक्टरांच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहायची मागणी आली. त्याने ती मुकाट्याने लिहून दिली, आणि मग खळ्यातली कापसाची जुनी शेड साफ करून तिथे आपलं बस्तान मांडलं.

शेडच्या भिंतीवर त्याने एका चित्राचा मोठा फोटो लावला. गुजरातेत एका जुन्या संस्थानाच्या राजवाड्यात ते चित्र आहे. शंभरेक वर्षांपूर्वी नारोपंत नावाच्या दरबारी चित्रकाराने काढलेलं. एक बाई दगडावर बसली आहे, हात मांडीवर, समोर तेल संपत आलेला दिवा, आणि उघड्या दंडावरून एक मुंगी चढते आहे. बाई मुंगी झटकत नाही. चित्राचं नाव 'धृती'.

"हाई कोन देवी?" बघायला आलेल्या सुंदरबाईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हात जोडले.

"देवी नही मावशी," नवनीत म्हणाला. "धीर शे हाऊ. जुन्या काळात चित्रकार गुणांना माणसाचं रूप द्यायचे. दया, क्षमा, कीर्ती, तशी ही धृती. धीर बाईच्या रूपात बसलाय असं समजायचं."

"मंग देवीच व्हयनी ना," सुंदरबाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी फोटोखाली हळदकुंकू वाहून गेली.

नंदुरबारला चित्रांचं एक प्रदर्शन भरायचं होतं. प्रत्येक चित्रकाराने जुन्या उस्तादाचं एखादं चित्र निवडायचं आणि त्याचा अभ्यास करून आपलं नवं चित्र काढायचं, असा बेत होता. नवनीतने धृती निवडली. त्याला नारोपंतांची नक्कल करायची नव्हती. आजची, इथली बाई बसवायची होती. आता धानोऱ्यात धीराची बाई कोण, असं कुणालाही विचारलं असतं तरी एकच नाव आलं असतं. रंजनाबाई. तिची म्हैस विहिरीत पडली होती तेव्हाही तिने आधी हातातलं पान लावून पूर्ण केलं होतं.

रंजनाबाई आली, दगडावर बसली आणि बसूनच राहिली. पापणी हलेना. नवनीत खूश. पण चित्र पुढे सरकेल तशी त्याची खुशी उतरायला लागली. कागदावर धीर उमटायचा, तो नुसता आराम उमटत होता. एकदा तर रंजनाबाई डोळे उघडे ठेवूनच झोपली आणि घोरायला लागली. नवनीतने रेखाटन लांब धरून बघितलं. लाल भोपळ्याला लुगडं नेसवल्यासारखं दिसत होतं. त्याने फाडलं, पुन्हा काढलं, पुन्हा भोपळाच.

त्या दुपारी आभाळ भरून आलं. थंडीचे दिवस संपत आलेले, मळ्याकडेच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, बेबीबाईची मिरची लालभडक वाळत पडलेली, आणि तिची ताडपत्री नवनीतने उजेड अडवायला म्हणून मागून नेऊन शेडच्या खिडकीला बांधलेली. बेबीबाई धावतच शेडमध्ये शिरली.

"ताडपत्री दे! आभाय दख!"

"देतो काकू, एक मिनिट. गाठी घट्ट बसल्यात."

नवनीत स्टुलावर चढून गाठी सोडवायला लागला. शहरात राहिलेल्या माणसाच्या गाठी त्या, त्यालाच सुटेनात. बेबीबाई खाली उभी. समोर दगडावर वैरीण बसलेली, वर आभाळ गडगडतंय, आणि पुतण्या एकेक दोर नखाने उकलतोय. बोलावं तर तो स्टुलावरून पडेल, अशी भीती. बेबीबाईने पदराचं टोक मुठीत आवळलं. पायाचा अंगठा मातीत रुतवला. दात दाबले. आणि ती बघत राहिली.

नवनीतने "सुटली" म्हणून वळून बघितलं आणि तो तसाच थांबला. त्याने बेबीबाईकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे. स्टुलावरून उडी मारून तो फोटोला नाक लावून उभा राहिला.

इतके दिवस त्याने धृतीचा चेहरा बघितला होता, हात नीट बघितलेच नव्हते. मांडीवरची बोटं एकमेकांत अशी गच्च रुतली होती की टोकांशी पांढुरकी झाली होती. आणि लुगड्याच्या काठाखाली पायाचा अंगठा दगडावर दाबून वाकडा झाला होता. ही बाई शांत नव्हतीच. आत नुसती उकळत होती आणि वरून झाकण दाबून बसली होती.

"काकू, हालू नका!" नवनीत ओरडला.

"मन्ही मिरची भिजई जाई आन तू माले पुतळा कराले निंघना का?" बेबीबाईने ताडपत्री ओढली आणि ती गेली. पाऊस काही आला नाही.

संध्याकाळी नवनीत तिच्या ओट्यावर येऊन बसला आणि त्याने मागणं घातलं. धृती म्हणून तुम्हीच बसा. बेबीबाईने चुलीवरून मान न वळवता सांगितलं, "माले येळ नही." विषय तिथेच संपायचा. पण पलीकडच्या ओट्यावर रंजनाबाईने ते ऐकलं. आपल्याला काढून हिला बसवणार म्हटल्यावर तिलाही जरा लागलं असेल. तिने कोंबडीला जवळ घेतलं आणि सावकाश म्हणाली, "कोंबडी, ऐकं का? बेबीबाई आन धीर! आते बोकड बी दूध देई."

बेबीबाईने हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"उद्या कितला वाजता येऊ रे नवनीत?"

"दहा वाजता या काकू."

दुसऱ्या दिवशी नवनीत दात घासत होता तेव्हा ती दगडावर बसलेली होती.

चित्रकाराच्या समोर बसणं काय असतं, याची बेबीबाईला कल्पना नव्हती. एक भाकरी भाजून होईल एवढा वेळ ती बसली आणि म्हणाली, "व्हयनं का?"

"काकू, अजून मी पेन्सिलला टोक करतोय."

"आमना घरले रंग देनारा पेंटर बरा व्हता. एक दिनमा दोन खोल्या करी गया."

पहिले काही दिवस असे गेले की नवनीतला पुणं आठवलं. बेबीबाई निवडायला तुरीची डाळ घेऊन यायची, तो ती काढून घ्यायचा. ती मोबाइल पुढे करायची. फोटो काढ, घरी बसून रंगव, मला सोड. तो म्हणायचा, फोटोत नुसतं तोंड येतं काकू, बाई येत नाही. ती म्हणायची, मग मी तरी कुठे येतेय, माझं सगळं लक्ष चुलीवर आहे. नवनीत म्हणायचा, तेच पाहिजे. मग ती मोबाइल कमरेला खोचून पुन्हा दगडावर बसायची.

मुंगी आपण मनाने काढू, असं नवनीतने ठरवलं होतं. पण बेबीबाईच्या गोड चहाच्या कपाला खऱ्याच मुंग्या लागल्या आणि त्यातली एक तिच्या दंडावर चढली. नवनीतचे डोळे चमकले. "राहू द्या, राहू द्या!" तो कुजबुजला. बेबीबाईने कोपरापर्यंत सोसलं. मग जी काय थप्पड बसली, तिच्यात मुंगी वाचली, पण स्टुलावरचा लाल रंगाचा डबा नवनीतच्या पायजम्यावर उपडा झाला. त्याच अवतारात तो दुकानावर साबण आणायला गेला, तर लोकांनी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यायची तयारी केली.

हे सगळं सोडून बेबीबाई केव्हाच घरी बसली असती. पण रोज परतताना ओट्यावर रंजनाबाई असायची आणि कोंबडीला विचारायची, "सरना का धीर?" मग दुसऱ्या दिवशी बेबीबाई पुन्हा हजर.

हात झाले, पाय झाले, अंगठा झाला. आणि एक दिवस नवनीत म्हणाला, "काकू, आजपासून तोंड. बोलायचं नाही. ओठ हालले की संपलं."

नेमके त्याच दिवशी सुपडूआप्पा शेडमध्ये आले. रुपाने निरोप देऊन पाठवलं होतं. दारात चपला काढल्या, एकाशेजारी एक नीट ठेवल्या, आत येऊन ते म्हणाले, "रुपा इचारी ऱ्हायनी, कोठीनी..."

आणि सवयीप्रमाणे थांबले. पुढचं वाक्य बेबीबाईकडून यायचं होतं. ते आलं नाही. आप्पांनी जरा वाट बघितली. बायकोकडे पाहिलं. ती ओठ मिटून समोर बघत होती.

"...किल्ली कोठे शे," आप्पा म्हणाले आणि स्वतःच दचकले.

बेबीबाईने डोळ्यांनी कमरेकडे खूण केली. आप्पांनी किल्ली काढून घेतली. पण ते गेले नाहीत. कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यावर ते बसले. बराच वेळ बसले. माणसाला रस्त्यात काहीतरी सापडावं आणि आपलं म्हणावं की नाही हे कळू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"चहामा साखर..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. कुणीही काही बोललं नाही. आप्पांना धीर आला. "लगीन व्हयनं तवय तू पहिला चहा करा. मी सांगी ऱ्हायंतू, चहामा साखर... तू म्हननी, जास्त लागस ना, माहीत शे." पुन्हा थांबून त्यांनी छपराकडे पाहिलं. "माले कमी लागस."

बेबीबाईची मान वळणार होती.

"काकू!" नवनीत म्हणाला.

मान वळली नाही. पण कपाळावर एक शीर वर आली. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ ती या माणसाच्या कपात दोन दोन चमचे जास्त घालत आली होती, त्याच्यासाठी साखरेचा डबा वेगळा ठेवत आली होती, आणि हा मुकाट्याने पीत आला होता! विचारायला शंभर प्रश्न तोंडापर्यंत आले. तिने ते दाताखाली धरले. नवनीतचा ब्रश भराभर चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी आप्पा वेळेआधी येऊन पोत्यावर बसले होते. अंगात धुतलेला सदरा होता.

नवनीत मोठा लबाड. तोंड खरं तर दोन दिवसांत झालं असतं. त्याने ते पुरवून पुरवून वापरलं. आप्पा रोज यायचे आणि साठलेली वाक्यं एकेक करून पूर्ण करायचे. वावरात निघालेल्या सापाचं सांगितलं. भाग्येशचं नाव त्यांना दुसरंच ठेवायचं होतं, ते सांगितलं. बेबीबाईने परस्पर विकलेली तांबडी गाय वांझ नव्हती, गाभण होती, आणि आपण ते सांगायला लागलो तेव्हा 'जाऊ द्या तिले' असं तूच म्हणालीस, हेही सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. भरलेल्या कणगीचं तोंड मोकळं करावं आणि धान्य आपसूक घरंगळत यावं, तसं चाललं होतं. बेबीबाईच्या अंगावर काटा यायचा, घाम यायचा, एकदा डोळ्यांत पाणी आलं. नवनीत म्हणायचा, "हां काकू, हां, हेच."

आणि मग घोड्याचा दिवस उजाडला.

"सारंगखेडानी जत्रामा," आप्पा म्हणाले, "मी तुले सांगी ऱ्हायंतू, तो घोडा... तू म्हननी, आपले घोडा लेवाना नही, मुकाट्या चाला."

ब्रश थांबला. नवनीतलाही ऐकायचं होतं.

"मी लेवानं नही म्हनी ऱ्हायंतू," आप्पा म्हणाले. त्यांनी नाक पुसलं. रुमाल घडी करून खिशात ठेवला. बेबीबाईचे डोळे त्या रुमालाबरोबर खिशापर्यंत गेले आणि परत आले. "तो घोडा तुन्ही गोडीशेव खाई ऱ्हायंता. पिशवीसगट."

बेबीबाईच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. बोटं एकमेकांत रुतली. आणि नेमकी त्याच वेळी, कुणी न बोलावता, एक मुंगी तिच्या मनगटावरून निघाली आणि दंडाच्या दिशेने चालायला लागली.

"काकू," नवनीत जवळजवळ रडत म्हणाला, "तुम्हनं पाय धरस. हालू नका."

आणि बेबीबाई हलली नाही. का हलली नाही, हे तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. कदाचित उठली तर काय करायचं हे ठाऊक नव्हतं. रंजनाबाईला घातलेल्या सगळ्या शिव्या एकीमागून एक तिच्या डोळ्यांसमोरून जात होत्या आणि त्या बऱ्याच होत्या. मुंगी कोपर ओलांडून गेली, दंडावर चढली, बाहीत शिरली. बेबीबाई बसून राहिली. नवनीतचा ब्रश असा चालला की जणू मागे कुणी लागलंय.

"झालं," तो शेवटी म्हणाला आणि जमिनीवरच बसला.

त्याचं म्हणणं पुरतं व्हायच्या आत दगड रिकामा झाला होता.

बेबीबाई चपला न घालता थेट रंजनाबाईच्या दारात. कडी वाजवली. रंजनाबाई आतून "उनू" म्हणाली आणि आपल्या चालीने यायला लागली. बेबीबाईने पुन्हा कडी वाजवली, मग दार थोपटलं, मग दाराच्या फटीत तोंड घालूनच बोलायला सुरुवात केली, "रंजना, मी तुन्हावर खोटा आळ लिधा, तो घोडा व्हता, गोडीशेव घोडानी खादी, माले आत्ते समजनं!"

दार उघडलं. रंजनाबाईने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"काय माहीत शे?"

"घोडाच व्हता. मी दखं ना. मी तुले सांगाले जाई ऱ्हायंतू, तर तू माले चोर म्हननी."

"मंग मांगून का नही सांगं? इतला वरीसमा?"

रंजनाबाईने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "तू कोठे इचारं? मी म्हनं, इचारी कधी ना कधी. आपले काय घाई शे?"

बेबीबाई ओट्यावर मटकन बसली. आधी तिला रडू आलं, मग रागाने रंजनाबाईचं मनगट धरलं, आणि शेवटी दोघी अशा हसायला लागल्या की कोंबडी पळून गेली. त्या दिवशी रंजनाबाईच्या घरी चहा झाला. तो यायला इतका वेळ लागला की बेबीबाईने मध्ये उठून दोनदा चुलीत फुंकर घातली.

आप्पांच्या चहातली साखर दुसऱ्या दिवसापासून कमी झाली. त्यांनी पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला, लांब बघितलं. बेबीबाई दोन्ही हातांनी पदर धरून, ओठ मिटून, पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिली.

"आते हाऊ चहा..." आप्पा म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "...फिक्का लागस. पहिलानागत कर."

बेबीबाई काय बोलली ते रुपाने दार लावून घेतल्यामुळे कुणाला कळलं नाही.

नंदुरबारच्या प्रदर्शनाला निम्मं धानोरा जीप करून गेलं. चित्राखाली पाटी होती, 'धृती: नारोपंतांच्या चित्रावरून'. नाशिकहून आलेले एक जाणकार चित्रासमोर उभे राहून बाजूच्या बाईंना सांगत होते, "बघा, केवढी शांतता आहे चेहऱ्यावर. सगळं सोडून दिल्यासारखी." मागे उभ्या असलेल्या धानोरेकरांमधून असा हशा उठला की जाणकार बिचारे सदऱ्याची बटणं तपासायला लागले. बेबीबाईने चित्र एकदा बघितलं, "नाक मोठं करं तू मन्हं," म्हणाली आणि पाणी कुठे मिळतं ते शोधायला गेली.

चित्राचं कौतुक झालं. नवनीतला आणखी दोन ठिकाणी बोलावणं आलं. या आनंदात तो म्हणाला, चला, तुम्हाला मूळ चित्र दाखवतो. मग एका सकाळी नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसून आणि पुढे गाडी बदलून तो, बेबीबाई, सुपडूआप्पा आणि रंजनाबाई असे चौघं त्या जुन्या राजवाड्यात पोचले. आप्पा पहिल्याच दालनातल्या तलवारींपाशी थांबले. रंजनाबाईने बाक बघितला आणि ती बसली. बेबीबाई झुंबरं, पालख्या, राजेलोकांच्या तसबिरी यांच्यावर नजरसुद्धा न टाकता पुढे पुढे गेली, आणि नवनीत तिच्यामागे धावत पोचला तेव्हा ती धृतीसमोर उभी होती.

चित्र फोटोपेक्षा लहान होतं. रंग मळलेले होते. नवनीतने बोट लांबून दाखवत सांगितलं, ती बोटं बघा, तो अंगठा बघा. बेबीबाईला दाखवायची गरज नव्हती. तिचा स्वतःचा अंगठा चपलेत वळला होता.

"कोन व्हती हाई?"

"कुणाला माहीत नाही काकू. कुणी म्हणतं वाड्यातली दासी. कुणी म्हणतं नारोपंतांची बायकोच बसवली असेल."

"बायकोच शे," बेबीबाई म्हणाली. "दासी मालकनासमोर इतला राग धरीसन नही बठाव."

नवनीतने खिशातून पेन्सिल काढली, काही विचारायला तोंड उघडलं. पण बेबीबाई चित्राच्या आणखी जवळ सरकली होती. दोरीपलीकडे वाकून, शेजारच्या ओट्यावरच्या बाईला हाक मारावी तशी ती हलक्या आवाजात बोलत होती.

"ऊठ वं माय आते. व्हई गये त्यानं. कितली बठशी?"

पहारेकरी धावत आला, "बेन, हाथ नहीं लगानेका," म्हणाला. बेबीबाईने त्याला सांगितलं की हात कोण लावतंय, आणि जेवण कुठे बरं मिळतं ते सांग आधी, आमची माणसं उपाशी आहेत. त्याने रस्ता सांगितला. रंजनाबाई बाकावर झोपली होती, तिला उठवलं. आप्पा अजून दुसऱ्या तलवारीपर्यंतच पोचले होते.